लेलेचा बोगदा

नागपूरला बर्डीच्या चौकात जमिनीखालून जाणारा पायी रस्ता होता, हे आज कुणाला सांगितलं तर तो आधी तुमच्याकडे बघेल आणि मग तुमच्या पांढऱ्या केसांकडे. पण होता. इकडून चोवीस पायऱ्या खाली, तिकडून चोवीस पायऱ्या वर, मधे शंभरेक पावलांचा अंधार, दोन ट्यूबलाइट आणि त्यातली एक कायम मिचमिचणारी. वासाबद्दल न बोललेलंच बरं. अठ्ठ्याहत्तर साली मोठ्या हौसेनं तो बांधला, आणि नागपूरकरांनी तितक्याच हौसेनं तो टाळला. इथल्या माणसाला रस्ता वरूनच ओलांडायचा असतो, तोही येणाऱ्या गाडीला तळहात दाखवून, जणू गाडी ह्यांच्या घरची. पुढे त्यात पाणी साचायला लागलं, मग तोंडाला कुलूप लागलं, आणि रस्ता रुंद करताना मुरूम टाकून तो बुजवूनच टाकला.

बोगदा बुजला, नाव बुजलं नाही. जुने लोक अजून 'लेलेच्या बोगद्यापाशी ये' असं सांगतात. हे लेले कोण, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. चंद्रभान गुरुजींना ठाऊक होतं, आणि ते शेहेचाळीस वर्षं मूग गिळून बसले होते.

गुरुजी म्हणजे चंद्रभान भोयर. कोराडीच्या एका शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले, आता बेसा भागात मुलाकडे राहणारे, सत्तरीला टेकलेले गृहस्थ. त्यांच्या वर्गात 'मले' म्हणणाऱ्या पोराला शंभर वेळा 'मला' लिहावं लागे. 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की बाकावर उभं. शुद्ध बोला, चार लोकांत हसू होतं, हे त्यांचं पालुपद. अशा माणसाला देवानं नात दिली ती भूमिका नावाची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मोबाइलवर नागपुरी बोलीत छोटे छोटे व्हिडिओ करायची आणि तीस हजार लोक ते बघायचे. गुरुजींच्या घरात सकाळ-संध्याकाळ मले-तुलेचा गजर चाले आणि गुरुजी पेपर चेहऱ्यासमोर धरून बसत.

एका रविवारी ती पोह्याची बशी घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली.

"आबाजी, तुम्ही तर तेव्हा बर्डीलेच कामाले होते ना? हे लेले कोन होते जी?"

तिनं तिच्या पानावर लोकांना हाच प्रश्न विचारला होता, आणि उत्तरांचा नुसता पूर आला होता. एकाच्या मते लेले हे कडक शिस्तीचे इंजिनिअर. दुसऱ्याच्या मते सिमेंट खाल्लेला ठेकेदार. तिसऱ्याच्या मामानं तर भर दुपारी बोगद्यात लेलेचं भूत पाहिलं होतं, धोतर नेसलेलं. पुण्याच्या एका बाईंनी, मी माहेरची लेलेच, आमच्यापैकी कोणते ते कळेल का, असं अगत्यानं विचारलं होतं. भूमिका वाचत होती आणि हसत होती. गुरुजीही हसल्यासारखं करत होते. मग तिनं शेवटचं वाचलं.

"'लेले-बिले कोणी नव्हते. नत्थू नावाचा एक अडाणी पेंटर होता. त्यानं बोर्डावर पादचाऱ्यांना-च्या ऐवजी पादचाऱ्यांले असं लिहिलं. त्या एका ले-चं लोकांनी लेले केलं.' हे तर भारीच आहे, आबाजी!"

गुरुजींनी पोह्याची बशी खाली ठेवली आणि पेपर उचलला.

भूमिकाचं पुढचं ऐकून तर त्यांना बसवेना. तिचा कॉलेजातला मित्र गौरांग 'हरवलेली बर्डी' नावाचा कार्यक्रम करत होता. तो बोर्ड पुन्हा हुबेहूब रंगवून दाराशी लावणार, खाली 'अडाणी पेंटरची कमाल' असं लिहिणार, म्हणजे लोक शेजारी उभं राहून फोटो काढतील. शिवाय गौरांगनं शोधून शोधून त्या पेंटरची म्हातारी बायको खापरखेड्यात हुडकून काढली होती. तिला मोटारीनं आणणार, पहिल्या रांगेत बसवणार.

"कोण? वच्छला?" गुरुजींच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही ओळखता?"

"ऐकून आहे," गुरुजी म्हणाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

झालं होतं ते असं. बावीस वर्षांचा चंद्रभान खापरखेड्यापलीकडच्या गावातून नागपुरात आला, तेव्हा त्याच्याजवळ बी.ए.ची डिग्री होती आणि अंग टाकायला जागा नव्हती. गावचाच नत्थू महाल भागातल्या एका बोळात बोर्ड रंगवायचा. पुढे दुकान, मागे एक खोली, खोलीत नवी बायको. नत्थूनं दुकानातले रंगाचे डबे सरकवले आणि चंद्रभानची सतरंजी अंथरली. दोन वर्षं तो तिथे झोपला आणि वच्छलावहिनीच्या हातचं जेवला. वहिनीनं कधी नवऱ्याला उशिरा वाढलं असेल, पण चंद्रभानला कधी नाही.

मग त्याला एका सरकारी कचेरीत नोकरी लागली. सहा महिन्यांची, कच्ची. बोगद्याचं काम त्याच कचेरीकडे होतं. तिथे सगळे 'मला-तुला'वाले. चंद्रभान पहिल्या दिवशी 'मले' म्हणाला तेव्हा शेजारचा कारकून नुसता हसला होता. त्या एका हसण्यानं चंद्रभाननं आपली जीभ अशी बांधून घातली की गावाकडून कुणी आलं तर तो त्याला कचेरीच्या फाटकाबाहेर नेऊन बोले.

बोर्डाचा मजकूर करायला साहेबांनी त्याला सांगितलं. बी.ए. मराठी ना तू, म्हणाले. चंद्रभाननं तीन दिवस मजकूर घोटला आणि चौथ्या दिवशी स्वच्छ अक्षरात उतरवायला बसला. नेमका तेव्हा त्याचा बाप हुरड्याची पिशवी घेऊन थेट टेबलाशी येऊन उभा. आधी मान वर करायची चंद्रभानची हिंमत होईना.

"कोनाले लिहून राहिला गा येवढं?" बापानं विचारलं, आख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं.

"पादचाऱ्यांले," चंद्रभान पुटपुटला. तोंड जे बोललं तेच हातानं लिहिलं. 'पादचाऱ्यांले विनंती. रस्ता वरून ओलांडू नये. भुयारी मार्गाचा अवलंब करावा.' मग घाईघाईनं कागद घडी केला, बापाला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं, आणि पुन्हा वाचायचं राहूनच गेलं. तोच कागद नत्थूकडे गेला.

नत्थूनं बोर्ड रंगवला तो असा की छापखान्यानं लाजावं. दीड-दीड फुटांची अक्षरं, निळ्यावर पांढरी, प्रत्येक वेलांटी सारखी. उद्घाटनाला मुंबईहून पाहुणे आले. फीत कापायला कात्री उचलली, वर बघितलं आणि थांबले. "पादचाऱ्यां... ले? ले? हे लेले कोण बुवा?" असं म्हणून ते मोठ्यानं हसले. पाहुणे हसले म्हणून साहेब हसले, साहेब हसले म्हणून सगळी कचेरी हसली. चंद्रभान सोडून.

पाहुण्यांची गाडी वळली तसे साहेबांचे डोळे वळले. एका बाजूला चंद्रभान, दुसऱ्या बाजूला कानामागे ब्रश खोचलेला नत्थू.

"तू काय लिहून दिलं होतंस?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मी 'पादचाऱ्यांना'च लिहिलं होतं," चंद्रभान म्हणाला. अगदी स्पष्ट, शुद्ध.

नत्थूनं त्याच्याकडे पाहिलं. चंद्रभानच्या अक्षरातला तो कागद नत्थूच्या सदऱ्याच्या खिशात होता; वरचं टोक दिसतही होतं. चंद्रभाननं ते पाहिलं. नत्थूनं खिशाला हात लावला नाही. "चूक झाली साहेब," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात 'अशिक्षित पेंटरचा प्रताप' म्हणून चौकट आली. कचेरीनं त्याला काम देणं बंद केलं, कचेरीचं बघून दुकानदारांनी केलं. पोरं बोळातून 'लेले पेंटर, लेले पेंटर' करत पळायची. चंद्रभाननं आठवड्याभरात दुसरी खोली पाहिली. अभ्यासाला एकांत हवा, असं वहिनीला सांगितलं. वहिनीनं शिदोरी बांधून दिली आणि त्यानं ती घेतलीसुद्धा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात, ह्यानं तर वासाच काढून नेला.

पुढे नत्थू कोराडीला कोळशाच्या ट्रकांवर नंबर रंगवायला लागला. योगायोग बघा, गुरुजींची शाळा त्याच रस्त्यावर. शाळेसमोरून रोज ट्रक जात. गुरुजी मागून आकडा बघताच ओळखत, हा नत्थूचा आठ, हा नत्थूचा तीन. आणि मान वळवून फळ्याकडे चालू लागत. बत्तीस वर्षांत नत्थूच्या रंगकामाच्या टपरीवर ते एकदाही गेले नाहीत. नत्थू गेल्याचं त्यांना महिन्याभरानं कळलं, तेव्हाही गेले नाहीत. मुलांच्या 'ले'वर मात्र त्यांची छडी कधी चुकली नाही.

आता वहिनी येणार होती, आणि तिच्यासमोर 'अडाणी पेंटरची कमाल' लागणार होती. गुरुजींनी दोन दिवस विचार केला. आजारी पडावं, गावाला जावं, गौरांगला फोन करून नुसती ओळ बदलायला सांगावी, सगळं मनात येऊन गेलं. शेवटी तिसऱ्या दिवशी दुपारी बस पकडून ते खापरखेड्याला गेले.

वच्छलावहिनी पुतण्याच्या घरी ओसरीत बसून वाल सोलत होती. तिनं त्यांना लगेच ओळखलं. ओळखलं म्हणून आनंद वगैरे काही दिसला नाही.

"या भाऊजी. लय वर्सानं."

पाणी झालं, चहा झाला. गुरुजी इकडचं तिकडचं बोलले, पाऊस, पॉवर हाऊसची राख, गुडघे. वहिनी शेंगा सोलत राहिली. मग एकदम, गळ्यातलं काही बाहेर काढावं तसं, त्यांनी सांगून टाकलं. तो 'ले' माझा होता. कागद माझ्या अक्षरातला होता. मी साहेबांपुढे खोटं बोललो.

"माहीत हाय ना मले," वहिनी म्हणाली. "त्याच दिवशी सांगतलं त्यायनं."

"नत्थूनं? मग तो कागद?"

"टर्पेंटाइनच्या डब्यात टाकला. शाई निघून गेली. म्हने, पोराची कच्ची नोकरी हाय, बापानं वावर विकून शिकवलं. माह्या हाताले काय, कुठंबी रंग लावीन."

गुरुजींना वाटलं, आता एवढंच. याहून जास्त काही नसावं. पण वहिनीचं संपलं नव्हतं.

"त्याले वाचता येत होतं, भाऊजी. चवथी पास होता. पण ते चूक हाय असं त्याले वाटलंच नाही. बोर्ड लिहून घरी आला तं असा हरखला होता! म्हने, वच्छे, सरकार पहिल्यांदा आपल्यासारखं बोलून राहिलं. आपल्या लोकायले समजलं पाहिजे म्हनून लिवलं असंल. म्हनून त्यानं त्या अक्षराले दोन हात जास्त रंग दिला." तिनं सालं पदरातून झटकली. "मंग लोकं हासले. तवापासून मेला तोवर त्यानं पाटीवर मराठी लिवलं नाही. निस्ते आकडे."

गुरुजींना रडू आलं नाही. ते आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना फक्त लाज वाटत होती, इतकी की ओसरीच्या खांबाकडेही बघवेना. त्यांनी वर्गात उभी केलेली सगळी पोरं त्यांना दिसत होती, बाकावर ओळीनं.

"मला माफ करा, वहिनी."

"मले काहून सांगून राहिले? मी का त्याले अडानी म्हनलं होतं?" ती म्हणाली. "जे म्हनून राहिले त्यायले सांगा. तिथं, लोकायपुढं. मी येतो म्हनून सांगतलं हाय त्या पोराले."

"सांगतो," गुरुजी म्हणाले. "सगळं सांगतो."

कार्यक्रमाला गर्दी झाली. दाराशी निळा बोर्ड उभा होता आणि खाली ती ओळही होती. गुरुजींनी गौरांगला आधीच सांगून बोलणाऱ्यांत नाव नोंदवलं होतं. वहिनी पहिल्या रांगेत, हिरव्या लुगड्यात, हात मांडीवर ठेवून बसलेली. भूमिका बाजूला मोबाइल धरून उभी, सगळं थेट दाखवत.

गुरुजी माईकपुढे आले. दोन भागांत सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. आधी चूक, मग खोटं.

त्यांनी चुकीपासून सुरुवात केली. कचेरी, घोटलेला मजकूर, हुरड्याची पिशवी, टेबलाशी आलेला बाप. "कोनाले लिहून राहिला गा येवढं?" हे त्यांनी बापाच्या आवाजात म्हटलं, आणि सभागृह फुटलं. लोक हसत होते, पण ते हसणं कचेरीतल्यासारखं नव्हतं. त्यात माया होती. "पादचाऱ्यांले," म्हटल्यावर तर टाळ्या थांबेनात. मागून कुणी शिट्टी मारली. कुणी ओरडलं, "वा गुर्जी, वा!" गौरांग धावत व्यासपीठावर आला आणि त्यानं त्यांच्या पायालाच हात लावला. "म्हणजे आपल्या बोलीतला हा बोर्ड सरांनी लिहिला! आणि सर आजपर्यंत बोलले नाहीत!" कुणीतरी शाल आणली, नारळ आणला. दाराकडे बघून गौरांगनं खूण केली आणि एका कार्यकर्त्यानं बोर्डाखालची ओळ उचलून नेली.

आता दुसरा भाग सांगायचा होता. गुरुजींनी तोंड उघडलं. पण शाल खांद्यावर ऊबदार होती, टाळ्या चालू होत्या, आणि समोर भूमिका मोबाइलमागून अशी बघत होती की आबाजींनी जणू सोन्याची खाण दाखवली. त्यांना वाटलं, ओळ तर निघाली ना. नत्थूला आता कुणी अडाणी म्हणणार नाही. मग पुढचं कशाला? गुरुजींनी नमस्कार केला आणि ते खाली येऊन बसले. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, ते असं.

त्यांनी वहिनीकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. एक खुर्ची सोडून ती बसली होती आणि तिचा श्वास ऐकू येत होता.

"आता पेंटर काकांच्या पत्नी दोन शब्द बोलतील," गौरांग म्हणाला.

वहिनी उठली, गुडघ्यावर हात टेकत पायऱ्या चढली. गौरांगनं माईक खाली केला. तिनं माईककडे बघितलं, लोकांकडे बघितलं, मग गुरुजींकडे. सगळं सांगायला तिला एक मिनिट पुरलं असतं. गुरुजींनी डोळे मिटले.

"माह्या मालकाचं अक्षर लय चांगलं होतं," वहिनी म्हणाली. "बस."

आणि ती उतरली. लोकांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या, पण थोड्या कमी. खुर्चीशी येऊन ती बसली नाही. पुतण्याला हाक मारून, चाल म्हणाली.

तेव्हा गुरुजींना कळलं की नवऱ्यानं खिशावरचा हात आवरला होता, तसंच आज बायकोनं तोंड आवरलं. दोघांनी मिळून त्यांना दोनदा वाचवलं होतं, आणि ते दोन्ही वेळा वाचले होते. सत्तर वर्षांचा म्हातारा, खांद्यावर शाल, आणि मेल्याहून मेल्यासारखा.

ते उठले. शाल खुर्चीवर पडली ती त्यांनी उचलली नाही. लोक उठायला लागले होते, मागे चहाचे कप वाजत होते. गुरुजींनी माईक हातात घेतला.

"थांबा. वहिनी, तुम्हीही थांबा. मी अर्धंच सांगितलं. साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. चूक नत्थूची आहे म्हणालो. माझा कागद त्याच्या खिशात होता, त्यानं दाखवला नाही. त्याचं काम गेलं, माझी नोकरी राहिली. दोन वर्षं मी त्याच्या घरचं अन्न खाल्लं होतं. त्यानंतर तो माझ्या शाळेच्याच रस्त्यावर तीस वर्षं ट्रक रंगवत होता. मी एकदाही भेटलो नाही. मला लाज वाटत होती, आणि ती लाजही मी पोरांवर काढली."

कुणी हसलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. गौरांग आपल्या चपलांकडे बघत होता. दाराशी वहिनी पाठमोरी थांबली होती, पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून.

भूमिका व्यासपीठाजवळ आली. तिचा चेहरा उतरला होता. मोबाइल तिनं खाली केला होता.

"आबाजी," ती हळूच म्हणाली, "काळजी करू नका. तुम्ही खोटं बोललो म्हणाले ना, तेव्हाच मी बंद केलं. हे कोनालेच नाही दिसलं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिला आजोबांना वाचवायचं होतं, आणखी काही नाही. गुरुजींनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"चालू कर," ते म्हणाले. "मी पुन्हा सांगतो."